भोंगा वाजला, अंगठा थांबला

भोंगा म्हटले की आपल्या जुन्या माणसांना गिरणी आठवते. सातारा-सांगलीकडची कितीतरी माणसे मुंबईच्या गिरण्यांत राबली. चाळीत घड्याळ एखाद्याच्याच घरी असे, भोंगा मात्र सगळ्यांचा. तो वाजला की अंथरूण सोडायचे, डबा उचलायचा आणि गेट गाठायचे. गावी राहिलेल्यांना साखर कारखान्याचा भोंगा होताच. थोडक्यात काय, भोंगा म्हणजे माणसाला कामाला जुंपणारा आवाज, अशीच आपली दोन-तीन पिढ्यांची समजूत.

या समजुतीला सांगली जिल्ह्यातल्या एका गावाने धक्का दिला. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. वस्ती तीन हजारांच्या आसपास, लोक शेतीवर आणि साखर कारखान्यावर पोट भरणारे. या गावाने २०२२ च्या ऑगस्ट महिन्यात असा भोंगा बसवला की तो वाजला म्हणजे हातातला मोबाईल खाली ठेवायचा! संध्याकाळी सात वाजता पहिला भोंगा. टीव्ही बंद, मोबाईल बंद. साडेआठला दुसरा भोंगा. त्यानंतर ज्याला जे बघायचे ते त्याने बघावे. मधल्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी काही वाचायचे, नाहीतर घरातल्या माणसांशी बोलायचे.

घरातल्या माणसांशी बोलायला भोंगा लागतो, हे वाचून हसू येईल. वाचकांनी जरूर हसावे. पण हसता हसता काल संध्याकाळी सात वाजता आपल्या घरात कोण काय करत होते, तेवढे आठवून पाहावे.

हसले कोण, उठले कोण

वडगावातही पहिल्यांदा लोक हसलेच. त्यातही हसण्यात पुरुषमंडळी पुढे होती. झाले होते असे. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाची टाळेबंदी आली, शाळांना कुलूप लागले आणि शिक्षण मोबाईलवर गेले. ज्या बापाने स्वतःला कधी नवा फोन घेतला नव्हता, त्याने पोरासाठी हप्त्यावर घेतला. पुढे शाळा उघडल्या, पण पोरांच्या हातातला फोन काही सुटेना. पोर शाळेतून आले की दप्तर कोपऱ्यात आणि फोन हातात. मोठ्यांचेही तेच. सरपंच विजय मोहिते यांनी काही वेळ सगळ्यांनीच फोन बंद ठेवावा, असे सुचवले तेव्हा पुरुषांना ती थट्टा वाटली.

मग बायकांना बोलावले. त्यांनी सरळ कबूल केले की आमचे मालिका बघणे फार वाढले आहे, बंद करायचे तर सगळ्या गावाने मिळून करू या. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, १४ ऑगस्ट २०२२ रोजी, महिलांच्या ग्रामसभेत भोंगा घ्यायचे ठरले. आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरून समजावू लागले. भोंगा बसला गावातल्या देवळावर. आता भोंगा कुठे बसवला याला महत्त्व नाही, तो कुणाकुणाच्या घरापर्यंत ऐकू जातो याला आहे. आवाजाला वेस नसते. गावठाण असो की वस्ती, सात म्हणजे सगळ्यांचेच सात.

पुन्हा अंगठाच!

हा रोग वडगावाला एकट्याला होता असे नाही. आपल्या घराघरांत काय चालले आहे, ते पाहू.

दिवसाची सुरुवात होते सुप्रभात मंडळापासून. सूर्य उगवण्याआधी यांचा सूर्य फोनवर उगवलेला असतो. कमळ, पिंपळपान, चहाची कपबशी आणि खाली एक सुविचार. २०१८ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या वॉल स्ट्रीट जर्नल या दैनिकाने मोठी गमतीची बातमी दिली होती. भारतातले फोन एकसारखे का भरतात, हे गुगल कंपनीच्या तज्ज्ञांना कळेना. शोधून पाहिले तर ‘गुड मॉर्निंग’ची चित्रे! आपल्याकडे तीन फोनवाल्यांपैकी एकाचा फोन रोज भरून जात होता, अमेरिकेत दहांतल्या एकाचा. शून्य भारताने जगाला दिले असे शाळेत शिकवतात. त्यानंतरची मोठी देणगी म्हणजे हा सुप्रभात असावा.

आपले ग्रुपही मागे नाहीत. सकाळी एकाने ‘जय भीम’ लिहिले की साठ जणांचे ‘जय भीम’ येतात. चांगलेच आहे. पण तोच भाऊ जिन्यात समोर आला की मान फोनात घातलेली. साठ जणांना जय भीम घालणाऱ्याला समोरच्या एका माणसाला जय भीम करायला मान वर करता येत नाही, हा काय प्रकार म्हणायचा?

दुसरा नमुना म्हणजे ॲडमिनसाहेब. पूर्वी गावात पाटीलकी असे, आता ग्रुपवर ॲडमिनकी असते. वतने कायद्याने गेली, पण वतनदारीची हौस काही जात नाही. ‘ग्रुपची शिस्त पाळा, अन्यथा काढून टाकू’ असा हुकूम हे गृहस्थ दर आठवड्याला काढतात. मग एक मामा रागावून ग्रुप सोडतात. भाचे त्यांना परत आणतात. मामा पुन्हा सोडतात. लग्नात जेवणाच्या पंक्तीवरून रुसणारे मामा आता घरबसल्या रुसू शकतात, एवढीच काय ती प्रगती.

तिसरे दुखणे निळ्या खुणेचे. २०१४ च्या नोव्हेंबरपासून व्हॉट्सॲपवर निरोप वाचला गेला की दोन निळ्या खुणा उमटू लागल्या. कंपनीने सोय केली, पण आपल्याकडे नणंद-भावजयीत तेढ पडली. “वन्संनी वाचलं, तरी उत्तर नाही दिलं!” अहो, वन्संच्या हाताला पीठ लागले असेल, गॅसवर भाजी असेल. पण निळी खूण पीठ दाखवत नाही.

आणि चौथा, अंगठा. फेसबुकने २००९ साली पसंतीचा अंगठा आणला. तेव्हापासून अंगठ्याला उसंत नाही. बारशाला अंगठा, नोकरी लागली अंगठा, कुणाच्या निधनाची बातमी आली तरी खाली अंगठा! वाचायला वेळ कुणाला आहे? एकाने ‘दुःखद निधन’ लिहिले की खाली तिघे ‘अभिनंदन’ लिहून मोकळे.

इथे मात्र हसता हसता थोडे थांबावेसे वाटते. आपल्या आजोबा-पणजोबांचा अंगठा सावकाराच्या कागदावर उठायचा. कागदावर काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते. त्या अंगठ्याच्या जागी सही यावी म्हणून एका पिढीने पोटाला चिमटा काढला. पोरांना शिकवले. आता शिकलेला, पदवी घेतलेला नातू समोरचे न वाचता दिवसभर अंगठा उठवत बसला आहे. आजोबांना वाचता येत नव्हते, नातवाला वाचायचे नाही. सावकाराचा फायदा दोन्हीकडे सारखाच!

पाचवा नमुना रीलवाल्यांचा. तव्यावरची भाकरी करपली तरी चालेल, रील झाली पाहिजे. ‘सेल्फी’ हा शब्द ऑक्सफर्डच्या कोशवाल्यांनी २०१३ साली वर्षाचा शब्द ठरवला. २०२४ साली त्यांनी ‘ब्रेन रॉट’ हा शब्द निवडला. त्याचा अर्थ, फडतूस गोष्टी बघून बघून डोके सडणे. आपल्या आया हेच सांगत आल्या, पण त्यांचे कोण ऐकतो? साताऱ्याजवळ बोरणे घाटात २०२४ च्या ऑगस्टमध्ये एक तरुणी सेल्फी काढताना दरीत पडली. होमगार्ड आणि स्थानिक लोकांनी दोराने उतरून तिला वर काढले, म्हणून जीव वाचला. चित्र काढायला एक हात पुरतो, माणूस वर काढायला दहा हात लागतात.

पुढे पाठवा, पुण्य मिळवा

अफवेला मोबाईलच लागतो असे नाही. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना ती पोस्टकार्डे आठवत असतील. ‘हे पत्र अकरा जणांना लिहा, धनलाभ होईल, न लिहिल्यास नुकसान होईल.’ २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही आवई एका दिवसात देशभर गेली. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हते. घरचे फोन आणि एसटीडी बूथ यांच्यावरच काम भागले. शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवले की दूध मूर्तीच्या पोटात जात नाही, अंगावरून ओघळून खाली जाते. पण तोपर्यंत लोकांनी रांगा लावून झाल्या होत्या.

पोस्टकार्डाला निदान पैसे पडत, हात दुखत. फॉरवर्डला काहीच लागत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले आणि पुढे पाठवणाऱ्यांचा हात कुणी धरेना. याचा शेवट नेहमी हसण्यावारी होतो असे नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात, आठवडा बाजाराच्या दिवशी, जमावाने पाच माणसांना मारून टाकले. का? तर मुले पळवणारी टोळी आली आहे, असा निरोप मोबाईलवरून फिरत होता. मेलेली माणसे नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षेवर पोट भरणारी, भटकी, गरीब. एकही मूल त्यांनी पळवले नव्हते. अफवेला बळी नेहमी असाच मिळतो. ज्याचे गाव दूर आहे, ज्याचे कपडे वेगळे आहेत, ज्याच्या बाजूने बोलायला कुणी नाही, असा. हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे २०२० च्या एप्रिलमध्ये, फार वेळा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी जाईल, असे केले. पण कंपनी बोटे बांधू शकते, डोके कसे बांधणार?

आणि लांब धुळ्याला कशाला जायचे? वडगावात भोंगा सुरू झाला १४ ऑगस्टच्या निर्णयाने. त्यानंतर महिनाही झाला नव्हता. १३ सप्टेंबर २०२२ रोजी याच सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावात, उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना लोकांनी मुले चोरणारे समजून काठ्या-पट्ट्यांनी बदडले. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता, एवढाच गुन्हा. जिल्हा एकच, महिनाही जवळपास तोच, मोबाईलही तेच. एका गावाने मिळून फोन खाली ठेवला, दुसऱ्या गावात काही लोकांनी मिळून काठी उचलली. साधूंची साधुगिरी आपल्याला पटो न पटो, पुराव्याशिवाय माणसाला मारणे आपल्याला पटता कामा नये.

पुरावा विचारण्याची सवय या मातीला नवी नाही. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीतून हीच सवय लावण्याचे काम केले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याहून मागे गेलो तर तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना हाच सल्ला दिला होता. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. कालामांच्या हाती व्हॉट्सॲप नव्हते, पण औषध तेच लागू पडते.

म्हणून बाबासाहेबांचे चित्र आणि त्याखाली एखादे झणझणीत वाक्य आले की लगेच पुढे पाठवू नये. पाठवणाऱ्याला नम्रपणे विचारावे, “दादा, हे कुठल्या खंडात आहे? पान कितवे?” महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड काढले आहेत. ज्या मोबाईलवर ते वाक्य आले, त्याच मोबाईलवर खंडही उघडून पाहता येतात. एवढे विचारले की निम्मे सुविचार जागच्या जागी थांबतील.

दीड तासाचा जमाखर्च

मी कारकून माणूस. वाणिज्य शाखेत शिकलो, त्यामुळे कुठलीही गोष्ट जमा आणि नावे अशा दोन रकान्यांत मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. दिवसाचे दीड तास म्हणजे वर्षाचे साडेपाचशेच्या आसपास, नेमके ५४७ तास आणि वर ३० मिनिटे. आठ तासांची ड्युटी धरली तर ६८ दिवस भरले. म्हणजे वडगावातल्या एका पोराच्या खात्यात वर्षाला दोन महिन्यांहून जास्त अभ्यास जमा होऊ शकतो, तोही फुकट. शिकवणीची फी नाही, बसचे भाडे नाही. नावे बाजूला काय? एक मालिका आणि मेव्हण्याने पाठवलेले चार विनोद, जे दुसऱ्या ग्रुपवर आधीच आलेले असतात.

आणि हे तास आपल्याला सहज मिळालेले नाहीत. १९४६ साली कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराच्या आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते तेव्हा बाबासाहेबांकडे होते. कामगाराला थोडा वेळ स्वतःसाठी मिळावा, त्याने वाचावे, मुलांजवळ बसावे, माणसासारखे जगावे, यासाठी ते तास मालकाच्या हातातून सोडवून घ्यावे लागले. ते सोडवलेले तास आपण आता एका काचेच्या तुकड्याला आनंदाने देऊन टाकतो. या मालकाचा भोंगा दिवसातून शंभर वेळा खिशात वाजतो आणि आपण शंभर वेळा हजर होतो. गिरणीमालकालासुद्धा असा कामगार मिळाला नव्हता.

नियम कुणासाठी?

यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईल बंदीचा ठराव केला. हेतू चांगलाच. पण वडगावची रीत मला जास्त पटते, कारण तिथे भोंगा सगळ्यांना. बाप रील बघत खिदळतो आहे, आई मालिकेत डोळे पुसते आहे आणि पोराला मात्र “अभ्यासाला बस!” पोर बसते, पण कान भिंतीपलीकडे. आपली घरे किती मोठी? दोन खोल्या, फार तर मध्ये एक पडदा. अशा घरात पोराला एकट्याला शांतता देता येत नाही. ती घरातल्या सगळ्यांना मिळून निर्माण करावी लागते. त्यातही एका घराने टीव्ही बंद केला आणि शेजारच्या घरात ढोल वाजत असले तर उपयोग शून्य. श्रीमंताला मुलासाठी वेगळी खोली बांधता येते. आपल्याला वेगळी खोली बांधता येत नाही, पण वेगळी वेळ बांधता येते. वडगावच्या भोंग्याचे खरे मोल मला इथे दिसते.

ही रीत हळूहळू पसरलीही. सांगली जिल्ह्यातच कवठेमहांकाळ तालुक्यातल्या अग्रण धुळगावचे पाहून बेळगावजवळच्या हलगा गावाने २०२४ च्या डिसेंबरमध्ये सात ते नऊ असे दोन तास ठरवले. भाषा-सीमेचे वाद आपल्या जागी असोत, पोरांच्या अभ्यासाला सीमा आडवी आली नाही, हे बरे झाले.

फोन बंद करून करायचे काय, असा प्रश्न काहींना पडेल. त्याचे उत्तर साताऱ्याकडे आहे. महाबळेश्वरजवळचे भिलार हे स्ट्रॉबेरीचे गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचे गाव झाले. तिथे लोकांनी आपल्या घरांत पुस्तकांना जागा दिली, कुणीही यावे आणि वाचावे. पुढे सांगली जिल्ह्यातले अंकलखोपही पुस्तकांचे गाव म्हणून निवडले गेले. भिलारच्या माणसांनी पाहुण्यांसाठी घरात पुस्तके ठेवली. आपण निदान आपल्या मुलांसाठी एक फळी ठोकायला काय हरकत आहे?

आपल्या वस्तीत असे करता येईल

पहिले, हा विषय महिला मंडळापुढे ठेवावा. पुरुषांपुढे ठेवला तर आधी चर्चा होईल, मग समिती होईल, मग समितीचा व्हॉट्सॲप ग्रुप होईल आणि मूळ विषय राहून जाईल.

दुसरे, भोंगा विकत घेण्याची गरज नाही. विहारातली घंटा पुरे. तीही नसेल तर एका आजीचा आवाज पुरे.

तिसरे, सुरुवात मोठ्यांनी करावी. बापाचा फोन फळीवर गेला की पोराचा आपोआप जातो.

चौथे, घरात आजारी माणूस असेल, कुणी रात्रपाळीला असेल, तर फोन चालू ठेवावा. निरोपाला बंदी नाही, नादाला आहे. ज्या मुलांचा अभ्यासच फोनवर येतो, त्यांनी तो सातच्या आधी वहीत उतरवून घ्यावा.

पाचवे, ज्यांच्या घरी जागा नाही त्यांच्या मुलांसाठी त्या दीड तासात विहार उघडे ठेवावे. एक दिवा, दोन सतरंज्या आणि लक्ष ठेवायला एखादे निवृत्त गुरुजी, एवढ्यात भागते.

मुहूर्त पाहण्याची आपल्याला सवय नाही. पण तारीखच हवी असेल तर ७ नोव्हेंबर आहे. १९०० साली याच दिवशी भिवा रामजी या मुलाचे नाव साताऱ्याच्या शाळेच्या पटावर चढले. २०१७ पासून राज्य शासन हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. त्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर शुभेच्छांची चित्रे येतीलच. तीही बघावीत. पण साडेआठनंतर.